तुरळक ठिकाणी

राजमती रोज सकाळी गल्लीला हवा सांगते. चूल आवरता आवरता फोनवर अंदाज ऐकते आणि बायकांच्या ग्रुपवर आपल्या भाषेत बोलून टाकते. आर्द्रता म्हंजे हवेतला ओलावा, पापड आज लाटू नका. वाऱ्याचा वेग वाढणार, पत्र्यावर दगूड ठेवा. कोडोलीतून आजऱ्याला, पन्हाळ्याला नांदायला गेलेल्या लेकीही त्या ग्रुपवर आहेत. तिचं ऐकल्याशिवाय कुणाचं वाळवण पडत नाही.

मे महिन्यातल्या त्या दिवशी वाळवण तिचंच होतं. भिजवलेल्या गव्हाचा चीक तयार होता. कुरडया घातल्या नाहीत तर तो आंबून जाणार. आणि फोन म्हणत होता, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.

मदतीला आलेल्या शेजारच्या झुंबरबाईनं पदर खोचला. "तुरळक म्हंजे चार थेंब. घाल की अक्का."

"चार थेंब न्हवं, चार गावं. थोड्याच ठिकाणी पडणार. पण पडंल तितं धोधो बी पडंल."

"मग ते गाव आपलंच कशावरनं?"

"आपलं न्हाय कशावरनं?"

सून आदिती चिकाच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "मग काय करायचं, आई?"

"घालायच्या. पण गच्चीवर न्हाय, बाजंवर."

ओली कुरडई उचलली की मोडते. बाज मात्र कुरडयांसकट उचलता येते. राजमतीनं शेजारच्यांच्याही बाजा अंगणात मागवल्या, त्यांवर जुन्या साड्या ताणल्या आणि साड्यांवर कुरडया घालायला घेतल्या.

झुंबरबाई हसली. "कुरडया घालतीस का बाळंतिणी निजवतीस?"

"दोघींना बी भिजू द्यायचं नसतंय."

दुपारी वारा पडला. अंग चिकट झालं. पूर्वेकडून काळा ढग चढताना दिसला तशी राजमती कपबशी ठेवून उठली.

"उचला."

कुणी डोक्याकडून धरलं, कुणी पायाकडून. एकेक बाज सोप्यात गेली. शेवटची उंबऱ्यात होती तेव्हा पाऊस कोसळला. अंगण दिसेनासं झालं. आत पंखे लागले. आदितीनं बाजा फिरून पाहिल्या. एकही कुरडई मोडली नव्हती.

राजमतीनं फोन दाराकडं धरला, पाऊस नीट ऐकू जाईल असा. मग ग्रुपवर बोलली, "बायांनो, तुरळक म्हंजे ह्यो."

झुंबरबाईच्या पन्हाळ्याच्या लेकीचं लगेच उत्तर आलं. "काकू, हितं कडक ऊन हाय की."

"मग तू घाल आता," राजमती म्हणाली. "पण बाजंवर."