पाण्याने नेला नव्हता

जलतरण तलावावर त्या पोहायला शिकवत, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांचा दादा याच तलावात गेला. पट्टीचा पोहणारा, आणि बुडाला. पायात गोळा आला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून घरात नियमच झाला, आपलं एकही पोर पोहण्यात कच्चं राहता कामा नये. मास्तरीणबाईंनी तो मनावर घेतला. दादाच्या लेकीला तर त्यांनी नीट चालता येण्याआधी पाण्यात घातलं. पोरगी इतकी तरबेज झाली की तिचं खरं नाव मागे पडलं आणि मासोळी तेवढं राहिलं.

स्पर्धा तोंडावर आली होती. सकाळच्या सरावाला मासोळीने सूर मारला, सपासप हात मारत अर्धा तलाव गाठला आणि थांबली. धडपड नाही, ओरडणं नाही. कुणी दिवा मालवावा तशी. मास्तरीणबाईंनी कपड्यांनिशी उडी घेतली. काठावर आणेपर्यंत पोरगी खोकत शुद्धीवर आली.

"उपाशीपोटी आली असेल," पोरीला सोडायला आलेली वहिनी, मासोळीची आई, म्हणाली. "सकाळी घास गिळायला नको असतो हिला."

पण मास्तरीणबाईंनी बुडणारी माणसं पाहिली होती. बुडणारा पाण्याशी भांडतो. ही भांडलीच नव्हती. दादाही असाच शांत गेला, असं तेव्हाचा रखवालदार सांगत होता. त्याचं ऐकतंय कोण!

मायलेकींना घेऊन मास्तरीणबाई थेट हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे धडकल्या. ईसीजीची पट्टी बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय विजेवर चालतं. प्रत्येक ठोक्यानंतर ते पुन्हा चार्ज व्हावं लागतं. हिचं त्याला जास्त वेळ घेतंय. अशात अंगावर एकदम ताण आला, विशेषतः पोहताना, तर ठोक्यांचा ताल सुटतो. हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. हे पिढीजात असतं. तुम्ही हिच्या सख्ख्या आत्या ना? तुम्हीही झोपा बघू टेबलावर."

पुढे रक्ताच्या तपासणीत आत्या आणि भाची दोघींच्या जनुकात तोच दोष निघाला.

म्हणजे दादाला पाण्याने नेलंच नव्हतं. आणि जिथे धोका, तिथेच मास्तरीणबाई अख्ख्या घराला ढकलत होत्या, तेही जीव वाचावा म्हणून! पण रडायला सवड नव्हती.

"रोज गोळी, आणि तीही आयुष्यभर?" वहिनी कळवळली. "लोकांना कळलं तर पोरीचं कसं व्हायचं?"

"पोरगी राहिली तर तिचं काहीतरी होईल ना, वहिनी!"

मासोळी फणकारली. "पदक समोर दिसतंय, आत्या! तू घाबरलीस म्हणून मी का थांबू?"

"कोचने हो म्हटल्याशिवाय तुला कुणी उतरू देणार नाही. आणि मी म्हणणार नाही. हव्या तेवढ्या शिव्या दे."

पोरीने अबोला धरला. मास्तरीणबाई रोज सकाळी येऊन तिच्यासमोर आपली गोळी घेत आणि तिची पुढे करत. तलावाच्या व्यवस्थापकाचं डोकं खाऊन त्यांनी भिंतीवर झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारं यंत्र बसवून घेतलं. हृदय थांबलेल्याची छाती कशी दाबायची, हे शिकवून जीवरक्षकांना घामाघूम केलं.

शेवटी मासोळीनेच तोंड उघडलं. "तूही पाण्यात उतरत नाहीस?"

"नाही."

"जमतं?"

"कुठलं! काठावरून सगळ्यांवर ओरडत असते."

मासोळीला हसू फुटलं. तिने गोळी तोंडात टाकली.

आता राहिला होता मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ. बस चालवायचा. तपासणीचं नाव काढलं की त्याला हटकून ड्यूटी निघायची. एका सुट्टीच्या दिवशी आत्या-भाची त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, काहीतरी निघालं तर स्टिअरिंग सुटेल माझ्या हातून," तो म्हणाला. "आणि मला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे मी!"

"काका," मासोळी म्हणाली, "बाबाही ठणठणीतच होते."

काका वाकून चपला शोधू लागला.

"निदान चहा तरी घ्या," तो वाकलेलाच म्हणाला.

"आल्यावर," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.