आधी भिजवायचं, मग कापायचं

तिचं खरं नाव फक्त ओळखपत्रावर होतं. बाकी सगळीकडे ती कात्री. कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर हयात गेली म्हणून कात्री, आणि तोंड सुरू झालं की समोरच्याच्या चिंध्या होत म्हणूनही कात्रीच. तिला त्या नावाचा कधी राग आला नाही. उलट कुणी फार अदबीने ‘बाई’ म्हटलं, की याला नक्की काहीतरी फुकटात शिवून हवंय, असं ती धरून चाले.

तिच्या टेबलाचा एक कायदा होता. नवं कापड आलं, की आधी त्याचा हातभर तुकडा बादलीत भिजवायचा, वाळवायचा, किती आटला ते बघायचं आणि मगच खडूला हात लावायचा. एकदा ती रजेवर असताना मालकाने घाई केली आणि न भिजवताच पँटींची अख्खी खेप कापून घेतली. पहिल्याच धुण्यात पँटी घोट्याच्या वर गेल्या आणि पोती भरभरून परत आल्या. मग कारखान्यातल्या निम्म्या पुरुषांनी त्याच फुकट नेऊन वर्षानुवर्षं वापरल्या. रस्त्यात कुणाचे मोजे दिसले, की लोक म्हणत, हा त्या कारखान्यातला.

अशा बाईसमोर एक दिवस साहेबांनी कागद ठेवला. कापणीचं खातं मोठ्या शहरात हलणार होतं. जो येईल त्याला दीडपट पगार, जो येणार नाही त्याला हिशेब चुकता करून नमस्कार. बाकीच्यांनी ‘दीडपट’ एवढंच ऐकलं आणि सह्या ठोकल्या. कात्रीने कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि “आधी भिजवते” म्हणून ती घरी गेली.

नवरा जळलेल्या पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. माणूस अबोल. तार कुठेही मिळते, तू म्हणशील तसं, एवढंच त्याचं म्हणणं. सासूबाईंचं मात्र जायचं आधीच ठरलं होतं. त्यांचा धाकटा त्याच शहरात होता. वर्षातून एकदा तो यायचा तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. आईला शाल, पुतणीला बूट, वहिनीला मिक्सर. शिवाय गॅलरीवाल्या खोलीच्या गोष्टी. सासूबाईंनी त्याचं कौतुक काढलं, की कात्रीला हटकून धुणं वाळत घालायची आठवण होई.

तिने आठवड्याची रजा टाकली. नव्या पगारातला जो आठवड्याचा वाटा हातात पडला असता, तेवढे पैसे घरच्या शिल्लकीतून काढून कापडी बटव्यात घातले आणि ती दिराकडे गेली. तिथे जगायला जे लागेल ते फक्त बटव्यातून. बटवा उरतो की आटतो, तेवढंच तिला बघायचं होतं.

आधी तिने खोल्या बघितल्या. एका खोलीत पलंग उभा केल्याशिवाय दार उघडत नव्हतं. दुसरीत मोरी एवढी चिंचोळी, की अंघोळ करायची तर साबण बाहेरून कुणी द्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे पाय पसरायचे तर भिंतीला विचारावं लागत होतं. त्यातल्या त्यात बऱ्या खोलीच्या भाड्याचा आठवड्याचा वाटा तिने बटव्यातून काढून रुमालात बांधला, तिथेच बटव्याचं पोट खपाटीला गेलं. मग कामाच्या जागेपर्यंत दोन बस जायला, दोन यायला. दुपारचं जेवण. मुलीच्या शाळेची चौकशी केली, तर फी ऐकून कात्रीसुद्धा क्षणभर बोलायची थांबली. आठवडा निम्मा उरला होता आणि बटव्यात नुसती नाडी.

पण खरं कळायचं ते तिला दिराच्या घरी कळलं. गॅलरी होती, पण ती शेजाऱ्याची. खोलीच्या मधोमध कपाट आडवं लावलेलं आणि कपाटामागे कुणीतरी खोकत होतं. दीर घाईघाईने म्हणाला, मित्र आहे, चार दिवसांसाठी आलाय. चार दिवसांच्या पाहुण्याची दाढीची वाटी, बादली आणि भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला आरसा कात्रीने बघितला आणि भाड्यातला वाटेकरी ओळखला. रात्री दीर म्हणाला, दुपारी उशिरा जेवलोय, भूक नाही. दुसऱ्या रात्रीही तो तेच म्हणाला. दिवसा जाऊ लोकांच्या कपड्यांना इस्त्री करी आणि पाहुणी आली म्हणून गठ्ठे पलंगाखाली सारी. तिसऱ्या दिवशी कात्रीने स्वतःच एक गठ्ठा ओढला आणि ती घड्या घालायला बसली. जावेचे डोळे भरून आले.

“आईंना सांगू नका, ताई,” ती म्हणाली. “तेवढ्यावरच उभे आहेत हे.”

कात्रीने मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिलाही माहीत होतं. पण तिला राग आला, आणि तो दिराचा नव्हता. एवढ्या राबणाऱ्या माणसाला रात्री भूक नाही म्हणायला लावणाऱ्या असल्या दीडपटीचा आला.

तो राग थंड होऊ न देता ती नव्या कारखान्यात साहेबांसमोर उभी राहिली. म्हणाली, तुमचा पगार धुतल्यावर आटतो. घरी आज माझ्या हातात जेवढं उरतं तेवढं इथे उरेल असा पगार द्या, नाहीतर जवळपास खोली द्या. साहेब हसले. बाकीच्यांनी सह्या केल्या, तुम्हीच तेवढ्या शहाण्या का, असं त्यांनी विचारलं. शहरात संधी असते, हेही समजावलं.

“संधीला भाडं पडतं साहेब,” कात्री म्हणाली. “संधी तुम्ही देणार आणि भाडं मी भरणार. उलटं करा, उद्या हजर होते.”

“आणि तिकडे राहून काय करणार? टेबल तर आम्ही उचलतोय.”

“न्या की. टेबल तुमचंच आहे. कात्री माझी आहे.”

ती परत आली आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला मधल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. दोन लाकडी घोड्यांवर दार आडवं टाकलं, की झालं टेबल. दवाखान्याच्या चादरी, शाळेचे गणवेश, जे मिळेल ते ती कापू लागली. पहिल्यासारखी कमाई होईना. दार गेल्यामुळे सासूबाईंचं घोरणं आता सगळ्या घराला ऐकू येई, आणि नवरा म्हणे, मोटार भरायला आली आहे वाटतं.

लोक बोलायचे ते बोललेच. एका दुपारी मावससासू मुद्दाम आल्या, दारावर पसरलेल्या चादरीकडे बघून नाक मुरडलं आणि बोलू लागल्या. धाकट्याने बघा कसं नशीब काढलं. धमक लागते अंगात. हिला नुसतं तोंड आहे.

एरवी त्या मावससासूंच्या चिंध्या झाल्या असत्या. उत्तर कात्रीच्या जिभेवर तयार होतं, गॅलरीसकट आणि कपाटासकट. तिने ते गिळलं. आपल्या ‘नाही’ची तिला लाज नव्हती, पण ते राखायला दिराची मूठ उघडायची, हे तिला मान्य नव्हतं.

“मला परवडत नव्हतं, मी नाही म्हटलं,” ती एवढंच म्हणाली. “उद्या परत विचारलं तर परत नाही म्हणेन.” आणि खडू उचलून रेघ मारू लागली.

मावससासू गेल्या. सासूबाई बराच वेळ गणवेशाचे कापलेले तुकडे जुळवून ठेवत बसल्या. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, “कपाटामागे कोण राहतं गं?”

तुम्हाला कुणी सांगितलं, असं कात्रीने विचारलं.

“धाकटीने. फोनवर रडली मघाशी. पण ती न सांगती तरी मला ठाऊक होतं.” सासूबाईंनी एक बाही उचलून दुसऱ्या बाहीवर ठेवली. “दरवर्षी येतो तेव्हा तीनतीनदा वाढून घेतो. एवढ्या पिशव्या आणणारा माणूस असा जेवतो का?”

सासूबाई म्हणाल्या, “मी शालीचं कौतुक करत राहिले. म्हणून त्याला तुझ्यासारखं ‘परवडत नाही’ म्हणता आलं नाही.” मग उठून त्यांनी फोन आणला आणि कात्रीच्या हातात दिला. “तू लाव. माझ्याच्याने नाही व्हायचं. त्याला सांग, यंदा हात हलवत ये. आणि आलास की जेवायला बस.”

कात्रीने खडू खाली ठेवला आणि दिराचा नंबर लावला.