नीलांती नावाची कुणीच नाही

अनुपमा ही मूळची सत्यभामा. लग्नात गुणवंतने ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘अनुपमा’ लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि सत्यभामा खलास! सासूबाई म्हणाल्या, “केवढं ते जुनाट नाव! चारचौघांत हाक कशी मारायची?” पुढे कित्येक दिवस कुणी ‘अनुपमा’ म्हटलं की ही आपली मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून. बाथरूममध्ये जाऊन रडायचीसुद्धा. तेव्हा नाव जाणं म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं, लहान होती, असलं काही मला सांगू नका.

पुण्याहून दोघं दुबईला आली. सिलिकॉन ओएसिसमध्ये फ्लॅट, गुणवंतला बिल्डरच्या कंपनीत झकास नोकरी, घरात कामाला केरळची मर्सी. मर्सी लग्नासाठी गावी गेली ती गेलीच. अनुपमाच्या छोट्या तन्मयने ‘मर्सी, मर्सी’ करत घर डोक्यावर घेतलं. मग श्रीलंकेहून नवी बाई आली. दारातच तिने आपलं नाव सांगितलं. अनुपमा हसून म्हणाली, “तन्मयबाबाला सवय आहे ना, तुला मर्सीच म्हणू हं!” व्हिसाचे कागद सगळे गुणवंतकडे. खरं नाव अनुपमाच्या डोक्यातून संध्याकाळच्या आत गेलं, आणि पुन्हा विचारावं असं तिला कधी वाटलंच नाही. बाई मुकाट हाकेला ओ देत राहिली. तन्मयचं हगणंमुतणं तिने काढलं, तापात त्याला खांद्यावर घेऊन ती घरभर फिरली.

दोन हजार आठ संपता संपता मंदी आली, बांधकामांवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. गुणवंत घरी बसला. अनुपमाने जवळच्या एका लहान मुलांच्या नर्सरीत नोकरी धरली. नवरा घरातच आहे म्हटल्यावर बाई कशाला? मर्सीचा व्हिसा रद्द केला. दुसरं काम मिळालं तर ठीक, नाहीतर महिन्याभरात देश सोडायचा. “मिळेल गं, इन्शाल्ला,” असं म्हणून अनुपमाने तिला लिफ्टपर्यंत सोडलं.

नर्सरीच्या मुख्य बाई आयरिश, नाव ब्रिजेट. एका सकाळी त्यांनी अनुपमाला विचारलं, “काल तू गेल्यावर नीलांती म्हणून एक बाई आली होती. आयाचं काम मागत होती. तू ओळखतेस म्हणाली.”

त्या दिवसांत जो तो कुणाची ना कुणाची ओळख सांगून काम मागत होता. अनुपमा ठामपणे म्हणाली, “नो मॅम. नीलांती नावाची कुणीच माझ्या ओळखीची नाही.” आणि ती मुलांना डबे उघडून द्यायला गेली.

एक फेब्रुवारीला ब्रिजेटबाई केक घेऊन आल्या. त्यांच्याकडे संत ब्रिजिडचा, म्हणजे ब्रिजेटचाच, सण. केक कापता कापता त्या नावाची कहाणी सांगू लागल्या. ब्रिजेट म्हणजे थोर, उंचावरची. संताच्याही आधी याच नावाची देवी होती, कवींची, वैद्यांची, लोहारांची. एके काळी आयर्लंडात घराघरांत एक तरी ब्रिजेट असायची. “मग आमच्या गरीब पोरी अमेरिकेत घरकामाला गेल्या,” बाई म्हणाल्या. “तिथल्या मालकिणी कुठल्याही पोरीला ब्रिजेटच म्हणायच्या. तिचं नाव मेरी असो की नोरा, विचारतंय कोण! ब्रिजेट म्हणजे मोलकरीण असं होऊन बसलं. लोकांना लाज वाटायला लागली, मुलींना ते नाव ठेवेनासे झाले. माझ्या आईने हट्टाने ठेवलं. मला मात्र लाज वाटते ती त्या मालकिणींची, नावाची नाही.”

सगळ्या हसल्या. अनुपमाने केकची बशी खाली ठेवली.

“मॅम,” तिने विचारलं, “ती नीलांती... अजून काही म्हणाली का?”

“तुझा मुलगा कानाची पाळी चोळल्याशिवाय झोपत नाही म्हणाली. मला वाटलं, कुठून तरी ऐकून आली असेल. तू तर नाही म्हणालीस.”

“मर्सी!” अनुपमाच्या तोंडून निघून गेलं.

“मर्सी कोण?” ब्रिजेटबाईंनी विचारलं.

अनुपमाला सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीलांतीने देऊन ठेवलेले दोन नंबर तेवढे ब्रिजेटबाईंनी तिच्यापुढे सरकवले.

दुबईचा नंबर बंद होता. श्रीलंकेचा लागला. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

“हॅलो, नीलांती?” आयुष्यात पहिल्यांदा अनुपमाने तिला तिच्या नावाने हाक मारली.

पलीकडून आनंदाने भरलेला तोच ओळखीचा आवाज आला, मॅडमला कळावं म्हणून मुद्दाम मोठ्याने, “येस मॅडम! मर्सी, मॅडम, मर्सी! तन्मयबाबा कैसा है?”