नाकवाले साहेब आणि माझा झाकलेला खड्डा

बुऱ्हाणपूरपासून देडतलाईपर्यंत ज्याच्यापासून शेणसुद्धा लपवता आलं नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांना नाव होतं, हुद्दा होता. पण तापीच्या दोन्ही काठांवर सगळे त्यांना ‘नाकवाले साहब’च म्हणत. तबेले आणि कोंबड्यांच्या शेडमधल्या घाणीनं गावाची हवा बिघडते का, हे बघायचं सरकारी काम त्यांच्याकडे होतं. उंच, काटकुळे, पावलांचा आवाज म्हणून नाही. केळीच्या बागेतून मांजर आलं तरी पानं सळसळतात. हे यायचे तेव्हा फक्त आमच्या म्हशी रवंथ थांबवायच्या. एकोणीस जबडे एकदम थांबले की माझ्या अंगावर काटा यायचा. वळून बघावं तर साहेब मागे उभे. डोळे मिटलेले, मान वर, नाकपुड्या तेवढ्या हलताहेत.

बहादरपूरच्या एका शेतकऱ्यानं मेलेलं वासरू गुपचूप बागेत पुरलं होतं आणि वर केळीही लावली होती. आठवड्यानं साहेब तिथून जाता जाता थबकले, तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाशी गेले आणि हलकेच म्हणाले, “कालवड होती ना?” तो माणूस दोन दिवस तापानं फणफणला. कालवड की गोऱ्हा हे वासावरून कसं कळलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, “अंदाज.” पण हसले नाहीत.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय मात्र वेगळीच. शेणखड्डा दिसला की काठावर उकिडवे बसायचे आणि आत हाक मारायचे, “अंदर कोई है?” मग कानाशी हात धरून थांबायचे, उत्तर येणारच असल्यासारखे. माझे धाकटे दीर, आमच्या जैनाबादच्या तबेल्याचं सगळं तेच बघतात, हसून हसून बेजार व्हायचे. “वहिनी, एक दिवस खालून कोणी हो म्हटलं ना, साहेब तिथंच राजीनामा देतील!” मीही हसायचे. साहेब गेल्यावर मात्र त्या खड्ड्याजवळून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

मी तेव्हा अवघी एकसष्टची. वय अल्लड, अक्कल यायची होती. आमच्या शेण-मुताच्या राबड्याचा खड्डा तबेल्यामागे उघडाच होता आणि त्यामागे वस्ती. एक दिवस साहेब म्हणाले, “माताजी, मागच्या पोरांचे डोळे चुरचुरतात. हवेचे नियम आहेत. खड्ड्याचं काहीतरी करा.” मला माताजी! मी पदर खोचला. “हवेचे कसले आलेत नियम? हवा काय सरकारची आहे?”

“नाही जी. पण खड्डा तुमचा आहे.”

झालं. वासच नसला तर नियम कुठला, असा माझ्या अल्लड डोक्यानं हिशेब केला. खड्ड्यावर बांबू, बांबूंवर ताडपत्री, त्यावर फरश्या, फटींत चिखल लिंपला. वर दोन तुळशी आणि सकाळ-संध्याकाळ धूप. वास गेला! मागची वस्ती खूश, मी त्याहून खूश. निरोप पाठवून साहेबांना मुद्दाम बोलावून घेतलं.

ते आले. तुळशीपाशी उभे राहिले, नाक वर केलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “किती दिवस झाकलाय?”

“दोन महिने,” मी म्हणाले. लोणचं मुरल्याचं सांगावं तशा तोऱ्यात.

भाऊजींना वाटलं, साहेब रागावले. “आत्ता रिकामा करून देतो!” म्हणत त्यांनी पहारीनं कोपऱ्यातली फरशी सरकवली. सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. वर घोंघावणाऱ्या माश्या फरशीवर पडायला लागल्या. एकेक, टपटप, ज्वारीचे दाणे पडावेत तशा. साहेब पुढे होईपर्यंत भाऊजी शिडी टाकून दोन पायऱ्या उतरलेही होते, कमरेपर्यंत आत. “काही नाही हो साहेब! वाससुद्धा गेला बघा.”

साहेबांनी त्या दिवशी हाक मारली नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, “एक मिनिट पहले आ रहा था ना?”

“हो.”

“आणि आता?”

“आता नाही.”

“श्वास रोखा. बोलू नका. वर या.”

आणि मी काय करत होते? हसत होते! साहेबांनी भाऊजींच्या बखोटीला धरून त्यांना वर ओढलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला फरफटत नेलं. भाऊजींचे ओठ निळे, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. म्हशी रवंथ थांबवून एका ओळीत आमच्याकडे बघत होत्या. मी नवस बोलायला गेले, तर एकही देव आठवेना. मग भाऊजींना उलटी झाली. उलटीचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

“वास येतो तोवर बरं असतं,” साहेब म्हणाले. “गॅस वाढला की आधी नाक मरतं. मग माणूस.” मग न विचारताच सांगायला लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मालकाला नोटीस दिली होती, सात दिवसांत खड्डा रिकामा करा. सातव्या दिवशी मालकानं एका मजुराला उतरवलं. “नोटीस माझी. मी ऑफिसात बसलेलो. आत कोणी आहे का, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.”

मला राहवलं नाही. “आता विचारता, तर उत्तर येतं का हो?”

त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. “अजून तरी नाही.”

मग माझ्या नावाची नोटीस त्यांनी तिथंच बसून लिहिली. त्यात दिवसांची मुदत नव्हती. आत कोणी उतरायचं नाही, वरून पंप लावायचा आणि उपसताना साहेब हजर असतील, एवढंच होतं. उपसायच्या दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत काठावर बसून राहिले.

निवृत्त झाल्यावर ते एकदाच आले, गाव सोडून मुलीकडे राहायला जाण्याआधी. खाटेवर भाऊजींच्या शेजारी बसले. मी चहा दिला आणि भाऊजी नेहमीप्रमाणे सुरू झाले. “वहिनी, एवढ्या म्हशी दारात आणि चहा पाण्याचा! साखर कुठंय? आणि कप बघा, कानच नाही त्याला!” बोलताहेत, बोलताहेत. मी वैतागून साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला कप तसाच होता. ते भाऊजींच्या चालणाऱ्या तोंडाकडे बघत होते, एकही शब्द सांडू द्यायचा नाही असं ठरवल्यासारखे. भाऊजींना गप्प करायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. चहावर साय धरेपर्यंत दोघांना तसंच बसू दिलं.