उजव्या बाजूचे अकरा रिबिट

चि. नेहा आणि रोहन,

शर्यतीच्या जुन्या गाडीचा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या कारागिरांनी मूळ गाडीसारखी हुबेहूब नवी घडवलेली गाडी... सुंदरच आहे. भिंग घेऊन पाहिली. आणि ठरवलं, इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट आता लिहून टाकायची.

आधी एक स्पष्ट करते. माझ्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. मी कुणाची दृष्टही काढली नाही, तुमच्या बाबाचीसुद्धा. तरीही जे घडलं ते घडलं.

साल १९६८. आम्ही धुळ्याला होतो. दवाखाना सोडला तर तुमच्या आजोबांना एकच वेड — मोटारी. रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना हीच गाडी सापडली. फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत सुरू व्हायच्या आधीची, रेषेवर उभी. पानभर फोटो, डाव्या बाजूने काढलेला, आणि खाली मापं. झालं! अशीच गाडी करायची आणि स्वतः चालवत जळगावला, माझ्या माहेरी न्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं.

भंगारातून एका विलायती गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मिळाला. पत्र्याचं काम युसूफचाचांकडे दिलं. आग्रा रोडला त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. मोतीबिंदूमुळे डोळे गेल्यातच जमा, पण हाताने चाचपून काम करायचे. "हाई मन्हं शेवटलं काम शे, डाक्टरसाहेब," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले होते. "मंग हातोडी ठेवी देसू."

इंग्रजी वाचणारी मी. रोज दुपारी वही घेऊन कारखान्यात जायची. मी इंचांत माप वाचायचं, चाचांनी त्याचे सूत करायचे — इंचाचे आठ सूत — आणि पत्र्यावर खडू मारायचा. मग वहीत माझी खूण. उजवी बाजू डावीसारखीच करायची, आणि जे फोटोत नाही ते गाडीत नाही, हा नियम मी घालून दिला होता.

रंगाला द्यायच्या आदल्या दिवशी उजव्या बाजूला गेले आणि थबकले. मागच्या चाकाच्या जरा वर तळहाताएवढं ठिगळ! दहा रिबिट, म्हणजे पत्रा जोडायचे खिळे, कडेने नीट, अकरावा मात्र ओळीबाहेर, तिरका.

"चाचा, हे काय?"

"तठे तिले लागेल शे, बाई."

"कुणाला?"

"गाडीले."

आजोबा हसले. "अहो चाचा, लागलंय कसं? गाडी अजून कारखान्याबाहेर पडली नाही!"

मला हसू आलं नाही. सगळ्या कामगारांसमोर मी म्हणाले, "कात्री चुकली असेल तर तसं सांगा. ठिगळ मारून लपवू नका."

हातोड्या थांबल्या.

"लपाडनं व्हतं तं नवा पत्रा टाकी देतू, बाई," चाचा हळू आवाजात म्हणाले. "ठिगय मारीसन कोन लपाडस?"

मी वही पुढे केली. फोटोत ठिगळ नाही. त्यांनी ते काढलं, खिशात घातलं, नवा पत्रा बसवला आणि चहा न घेता घरी गेले. पुन्हा कारखान्यात आलेच नाहीत.

गाडी हिरवीगार रंगून आमच्या अंगणात आली. पण आजोबा चालवेनात. "ज्याने घडवली त्याला शेजारी बसवल्याशिवाय जळगावला जायचं नाही. आणि त्यांना बोलवायचं काम तुझं." मी दोन महिने गेले नाही. माझी वही बरोबर होती ना!

मग रद्दीतून त्याच मासिकाचा पुढचा अंक आला. त्यात हीच गाडी, शर्यत संपल्यानंतरची, उजव्या बाजूने. मागच्या चाकाच्या जरा वर ठिगळ. खाली लिहिलं होतं की पहाटे दुसरी गाडी घासून गेली, मेकॅनिकांनी तिथेच पत्रा मारून तिला परत सोडली. मी भिंगाने रिबिट मोजले. दहा ओळीत. अकरावा बाहेर, तिरका.

तो अंक त्यांनी आधी पाहिला असेल? चाचांना मराठीही वाचता येत नव्हतं, आणि चित्र दिसण्याइतके डोळे राहिले नव्हते. सिनेमाच्या आधी तेव्हा दाखवायचे त्या बातम्यांत? त्यांनी सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. मी त्यांच्या मुलाला विचारलं, कामगारांना विचारलं, रद्दीवाल्यालाही सोडलं नाही. तो अंक कुणीच चाचांना दाखवला नव्हता.

शेवटी अंक घेऊन त्यांच्या घरी गेले. बाजेवर बसले होते. "चाचा, चूक माझी," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्या चित्रावर ठेवला.

"कागदले हात लाईसन काय समजी, बाई?" ते हसले. "माले गाडीकडे लई चला."

ठिगळ त्यांनी जपून ठेवलं होतं. मी त्यांना आमच्या अंगणात घेऊन आले; माझ्यादेखत त्यांनी ते त्याच जागी परत बसवलं. कसं कळलं, विचारलं तर म्हणाले, "हातले समजनं. माले नई."

दुसऱ्या सकाळी ते आजोबांच्या शेजारी बसले, मी मागे जीपमध्ये. पारोळा, एरंडोल... लोक रस्त्यावर येऊन बघत होते. चाचांना काही दिसत नव्हतं. त्यांचा हात सारा वेळ बाहेर, पत्र्यावर.

आजही माझ्याकडे याचं उत्तर नाही. शोधायचंही मी सोडून दिलं आहे.

तुमच्या फोटोतल्या गाडीत प्रत्येक स्क्रू मूळ गाडीसारखा आहे म्हणता. असेल. पण पुढच्या खेपेला उजव्या बाजूला जाऊन मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर हात फिरवून बघा. गुळगुळीत लागलं, तर तुमची गाडी अजून रेषेवरच उभी आहे.

आमची शर्यत पुरी करून आली होती.

तुमची,
आजी