नदीची ओटी
धरणातून उपसलेल्या गाळाची ट्रॉली मळ्यात रिकामी झाली आणि तो ओलसर, शेवाळी वास नाकात शिरताच मला आईचं ओटीचं ताट आठवलं. माझ्या लहानपणी प्रवरेचा पूर दोन-चार वर्षांनी एकदा मळ्यात शिरायचा आणि ओसरताना लोण्यासारखा मऊ गाळ पसरून जायचा. मग वांग्यांना शेणखतसुद्धा लागायचं नाही. आई खण-नारळ घेऊन त्या चिखलात उतरायची आणि नदीची ओटी भरायची. पण एका वर्षी पुरानं उभी बाजरी नेली, आणि वडिलांनी चिडून नदीच्या अंगाला दगडी भिंत घातली. पुढचा पूर त्या भिंतीला धडका देऊन तसाच निघून गेला. "बघ, एक कनीस भिजलं न्हाई," वडील खुशीत म्हणाले. आई ताट घेऊन भिंतीशीच उभी होती. "दारात आलेली सवाष्न माघारी धाडली तुमी," एवढंच ती बोलली आणि पदरानं ताट झाकून घरी गेली. भिंत अजून शाबूत आहे. रान मात्र वर्षागणिक कडक होत गेलं. आता गाळ मीच ट्रॉलीनं आणतो. आई असती, तर तिनं या ट्रॉलीचीही ओटी भरली असती.