कमरेचा दोर

देवीनं मला वाचवलं, असं सांगायला तोंड वर होत नाही. कारण वाचल्यावर पहिलं काम मी खोटं बोलण्याचं केलं. तेही तोंड न उघडता. तरी आज लिहितो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हिंगोलीत शिकवणी घेतो आणि दर रविवारी पोरांना मर्यादा ओलांडण्यावर भाषण देतो. त्यासाठीच एका दमात समुद्राच्या खोल पोटात उतरणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. पलंगावर पडून, घड्याळ लावून दम धरायचो. चार मिनिटं जमली, तेव्हा वाटलं, आता आपल्याला अवघड काही राहिलं नाही.

कळमनुरीकडं आमचं गाव. यात्रेच्या सकाळी गुरवांच्या हातून देवीचा चांदीचा मुखवटा धुताना विहिरीत निसटला. संध्याकाळी पालखी, आणि मुखवट्याशिवाय ती उठत नाही. गुरवांनी लिंबाजीकाकांना बोलावलं आणि ते देवळात परतले. काका धरणावर मासे धरणारे, सत्तरीला टेकलेले. गावात कुणाची घागर बुडो की पाण्याची मोटार, बुडी मारायची ती त्यांनीच. आमच्याकडं रीत आहे: काठावरच्या आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या, दगडांवर पाणी घालायचं, कमरेला दोर बांधायचा, टोक वरच्या माणसानं धरायचं, मगच उतरायचं. देवीची वस्तू काढणाऱ्याला पालखीपुढचा मानाचा नारळ.

यात्रेला आलेला मी तिथं पोचलो, तेव्हा काका विहिरीच्या पायरीवर नुसते बसलेले. मी म्हणालो, "काका, काहून बसून राहिलात?"

"गाळ खाली बसू दे. दम बी जरा निवू दे."

मी हसून त्यांना मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. दोर नाही, गाळ नाही, माणूस सरळ खाली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"दोर न्हाई कसा? ह्ये काय हाताला बांधलंय? अन् खाली त्याची वाट बघायला गडी बी हाय. एवढं शिकून तुमाला त्येवढंच दिसलं न्हाई व्हय, सर?"

मला झोंबलं. काका दोर आणायला घराकडं निघाले. "म्या येईस्तोवर उतरू नका," म्हणाले. ते वळणाआड गेले आणि मी भराभर वीस-तीस श्वास घेऊन उडी मारली. तळाच्या गाळात बोटांना चांदी लागली. मुखवटा घेऊन वर येताना डोक्यावर उजेड दिसला, परातीएवढा. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पायरीवर पालथा पडून पाणी ओकत होतो. काका शेजारी निथळत होते. "चंची इसरली म्हणून अर्ध्यातून परतलो," म्हणत त्यांनी कमरेला हात लावला. तंबाखूची चंची तिथंच खोचलेली होती, ओली गच्च. काकांनी चंचीकडं बघितलं, आसरांकडं बघितलं आणि हात जोडले. मग माझ्या हातून सुटलेल्या मुखवट्यासाठी ते पुन्हा उतरले. कमरेला दोर नव्हता, धरायला माणूसही नव्हता. मुखवटा माझ्या मांडीवर ठेवून कपडे बदलायला गेले.

तेवढ्यात गुरव माणसं घेऊन आले. "सरांनी काढला!" मी हो म्हणालो नाही. पण 'नाही' असंही म्हणालो नाही. संध्याकाळी नारळ घेतला. काका गर्दीच्या कडेला उभे होते. रविवारी मी तीच गोष्ट पोरांना माझी म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. विहिरीतही गेलो नव्हतो एवढा खाली मी त्या टाळ्यांत गेलो.

वर्षभर देवीसमोर मान वर झाली नाही. पुढच्या यात्रेत पालखी थांबवून सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि नवा नारळ काकांपुढं धरला. नंतर रविवारी पोरांनाही सांगितलं. ते जास्त जड गेलं.

काकांनी नारळ हातात तोलून बघितला. "मागल्या सालचा एकट्यानंच खाल्लास व्हय रं? गोड लागला का?"

माणसं हसली. मी रडलो.

"जाऊ दे," काका म्हणाले. "म्हातारा झालो. आता दोर धरायला येत जा."

आता जातो. काका खाली असतात तेव्हा मला काही करायचं नसतं. फक्त दोर सोडायचा नसतो. माझाही असाच कुणीतरी धरला होता, मी तो बांधलासुद्धा नव्हता. खालून दोन हिसके बसतात. मी देवीचं नाव घेतो आणि ओढायला लागतो.